दोघींची एक जून

रेशनच्या यादीतली दुबार नावं शोधणारा प्रोग्राम मीच लिहिला. नाव, नवऱ्याचं नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की दुसरं नाव आपोआप कटायचं. गोंदियाच्या कार्यालयात टाळ्या वाजल्या आणि मी मूर्खासारखा हसत उभा राहिलो.

महिन्याभराने देवरीकडच्या एकाच गावच्या दोन म्हाताऱ्या बसने आल्या आणि माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या जंगलपट्ट्यात मूल ज्या वारी जन्मतं, त्या वाराचं नाव त्याला देतात. दोघी बुधवारच्या, दोघींचे नवरे सोमवारचे. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून नोंदणीवाल्याने दोघींना एक जून लावली, सालही एकच.

"आमी दोघी इथं उभ्या आहो ना, बाबू? मंग तुमचं कंपुटर एकच बाई काऊन सांगून राहिलं?" एकीने विचारलं.

कटलेलं नाव यादीत परत घालणं माझ्या हातात नव्हतं, त्याला अर्जच लागायचा. मी अर्ज भरून घेतला. आठ दिवसांनी माझ्याच प्रोग्रामने तो अर्जही दुबार म्हणून फेटाळला.

चूक कळली नाही, असं म्हणायचीही मला सोय नाही. मी त्याच भागातला. माझ्याही शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी एक जूनच लिहिली आहे.