पिवळ्या त्रिकोणावरून घेतलेला आळ

मी ज्या माणसावर खोटा आळ घेतला तो आमच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे मी हळूहळू स्वतःची बाजू मांडत चाललेय असं कोणाला वाटायला नको. मला बाजू नाही.

त्याला मी दादा म्हणायची. एसटी स्टँडच्या मागे त्याची एक खोली, तिच्यात मॉनिटरांचे सांगाडे आणि एक पंखा. आमचा कॉम्प्युटर कणकवलीच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला. खाऱ्या हवेने त्याचे स्क्रू इतके गंजलेले की दादा ते फिरवायच्या आधी खोबरेल लावायचा. त्याच कॉम्प्युटरवर मी सगळी पत्रकं लिहिली. विषय एकच होता, किनाऱ्यावर उतरणारी वाट. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीची, होडी आणि जाळी पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने गेली, तिच्या तोंडाशी एका हॉटेलवाल्याने तारेचं कुंपण घातलं होतं. मी चिडले होते आणि तो राग खरा होता. आजही आहे.

पावसाळा संपता संपता कॉम्प्युटर सारखा अडकायला लागला. दादा घरी आला, फॉरमॅट मारला, चहा घेतला आणि गेला. त्यानंतर आठवडाभरात ती गोष्ट घडली. आमचा हरकतीचा अर्ज अजून पंचायतीत द्यायचा होता, आणि हॉटेलवाल्याचा माणूस चार लोकांत त्यातली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवत होता. माझी वाक्यं. माझा स्वल्पविरामसुद्धा त्याने सोडला नाही.

फितूर कोण, हे शोधायला मी बसले. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि त्यात सांगितल्याप्रमाणे डिव्हाइस मॅनेजर उघडला. कॉम्प्युटरात काय काय बसवलेलं आहे त्याची ती यादी. कीबोर्ड, माऊस, स्क्रीन, सगळं नावानिशी. आणि सगळ्यात खाली, पिवळ्या त्रिकोणातल्या उद्गारचिन्हासकट, ‘अननोन डिव्हाइस’. अनोळखी उपकरण.

मला दुसरं काही सुचलंच नाही. हॉटेलवाल्याच्या जागेवर कॅमेरे कोणी बसवले? दादाने. आमच्या कॉम्प्युटरला शेवटचा हात कोणी लावला? दादाने. झालं. त्या त्रिकोणावर माऊस नेऊन बटण दाबायची मला गरज वाटली नाही.

आमच्या आंदोलनाची एक रीत होती, आणि ती मीच पाडलेली. पत्रक नुसतं वाटलं तर लोक त्यात भजी बांधतात. म्हणून मी ते देवाला घालायच्या गाऱ्हाण्याच्या चालीत लिहायची. देवळापुढे सभा भरली की रापणकारांतले एक म्हातारे आजोबा ते खड्या आवाजात म्हणायचे, आणि प्रत्येक ओळीला जमाव हुंकार द्यायचा. शब्द माझे असायचे, आवाज त्यांचा. त्या दिवशी कागद हातात घेऊन त्यांनी शेवटची ओळ दोनदा वाचली आणि मला बाजूला घेतलं.

"ह्या खरा मां गो?"

"खरं आहे, आजोबा. मी डोळ्यांनी बघितलंय."

"मगे ठीक. तू शिकलेला चेडू."

सभा भरली. दादा मागे सोनचाफ्याखाली उभा होता. तो प्रत्येक सभेला यायचा, स्पीकर तोच जोडून द्यायचा.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"होय म्हाराजा."

"आमची वाट कोणी अडवल्यान, ता तू बघतस."

"होय म्हाराजा."

"आणि आमच्यातलोच एक, जो आमच्या घरात येवन, आमची च्याय पिवन, आमच्या कॉम्प्युटरात गुपचूप यंत्र घालून गेलो, तेका तू उघडो पाड."

"होय म्हाराजा."

दादाही म्हणाला. मी त्याच्याकडेच बघत होते म्हणून मला दिसलं. लहानपणापासून त्या चालीला तोंड आपोआप उघडतं, अर्थ मागून पोचतो. त्याला तो पोचला तेव्हा त्याचं तोंड अजून मिटायचं होतं. मग माना वळल्या. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती, गावात दुसरा कोण होता? मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, आपल्याच तोंडान कबूल झालो." लोक हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आला. चपला काढल्या नाहीत, वर यायला कोणी सांगितलं नव्हतं.

"बाय, ता काय दिसता ता माका दाखव. उजवो बटन दाब, प्रॉपर्टीज बघ. पाच मिनिटांचा काम आसा. तूच दाब, मी हात लावणंय नाय."

"पुरावा तुमच्या हातात द्यायला मी खुळी नाही."

"अगो, मी लांब उभो ऱ्हवतंय. तू वाचून दाखव फक्त."

मी दार लोटून घेतलं. आई कपबशी घेऊन बाहेर येत होती, ती तिथेच थांबली. तो किती वेळ खळ्यात उभा होता ते मला माहीत नाही. मी बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी मला दुसरं पत्रक काढायचं होतं. त्यात त्या यंत्राचं नाव छापलं की हॉटेलवाल्याची बोलती बंद होईल, असा माझा हिशेब. म्हणून, केवळ म्हणून, मी त्या त्रिकोणावर उजवं बटण दाबलं. प्रॉपर्टीज. पहिल्याच चौकटीत सरळ लिहिलेलं होतं की या उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, बसवलेला नाही. दुसरीकडे हार्डवेअर आयडी नावाची आकडे-अक्षरांची एक ओळ होती. तिचा एक तुकडा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. ओळ उचलून इंटरनेटवर टाकली. उत्तर पहिलंच आलं. मदरबोर्डवरचीच एक चिप, बोर्डाची आतली किरकोळ कामं बघणारी, कारखान्यातून येतानाच बसवलेली. फॉरमॅट मारला की तिचा ड्रायव्हर पुसला जातो आणि विंडोजला ती ओळखता येत नाही.

मला पटेना. खोबरेल लावून स्क्रू काढले, कॅबिनेट उघडलं. आत धूळ आणि पालीची अंडी. जास्तीचं काही नाही. बोर्डावर छापलेला नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला, बसवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्रिकोण गेला. अख्ख्या कामाला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा आमच्या नेटची. ते यंत्र आमच्या घरात पहिल्या दिवसापासून होतं.

आईला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "तेना सांगल्यान नाय तुका? च्याय पिताना सांगी होतो, एक बारीकसा काय ता ऱ्हवला आसा, मागसून येवन घालतंय म्हणान."

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"तू कोणाचा ऐकतंस?"

आणि अर्ज फुटला कसा? तो मीच आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता, ‘सूचना कळवा’ म्हणून. ग्रुपची अॅडमिन मी. नंतर यादी चाळली तर हॉटेलवाल्याचा माणूस त्यात होता. त्याला घेतलंही मीच होतं, भजनी मंडळाच्या सगळ्यांना एकदम घेतलं तेव्हा.

इथेही मी लगेच शहाणी झाले नाही. आंदोलनातल्या मोठ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, आता अर्जाची सुनावणी तोंडावर आहे, आत्ता आपलंच खोटं कशाला काढायचं? मला ते सोयीचं वाटलं. बारा दिवस मी गप्प बसले. दुसऱ्यांच्या दडपादडपीवर पानंच्या पानं लिहिणारी मी. मग नव्या पत्रकाच्या तळाला, बारीक टायपात, एक चौकट छापली: ‘मागील पत्रकातील एका उल्लेखाबाबत गैरसमज झाला असल्यास खेद आहे.’ झाला असल्यास. असली वाक्यं सरकारी खुलाशात सापडली की मी त्यांची सालटी काढते.

ती चौकट घेऊन दादाच्या खोलीवर गेले. तो एक प्रिंटर खोलून बसला होता. त्याने कागद वाचला आणि परत दिला.

"ह्याच्यात मी खंय आसंय?"

मी त्या बारीक टायपावर बोट ठेवलं.

"माका कागद नको, बाय. जेनी जेनी आयकला, तेंका तोंडान सांग. मी निर्दोषी आसंय म्हणान नको. तुझा चुकला म्हणान सांग."

तो पुन्हा प्रिंटरात डोकं घालून बसला. राग नव्हता, आणि ते मला झेपलं नाही.

मग मी वाडीत घरोघर गेले. आजोबांनी ऐकून घेतलं, समोरचे रापणीचे दोर गुंडाळायला घेतले. "माझ्या तोंडात घातलंस ता," एवढंच म्हणाले. पुढच्या गाऱ्हाण्याला ते उभे राहिले नाहीत. एका घरात बाई म्हणाली, "आता तू काय पण सांग, काय तरी केल्यान असतलाच." दुसरीकडे तर मला विचारलं, दादाने मला धमकी दिली का. माझ्या पत्रकावर लोकांचा विश्वास बसला होता. माझ्यावर बसत नव्हता.

शेवटी शाळेत गेले. शाळेचे कॉम्प्युटर दादा बघायचा, त्याचं सगळ्यात मोठं काम तेच. ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं. मुख्याध्यापकांनी मला बसायला सांगितलं, फाइल उघडली. माझं पत्रक आत नीट पंच करून लावलेलं होतं.

"मुलांचे दाखले आहेत त्या मशीनवर," ते म्हणाले. "तुमचं वाचल्यावर धोका कसा पत्करायचा?"

"सर, ते खोटं होतं. माझी चूक होती. त्यांनी काहीच बसवलं नव्हतं, मी न बघता लिहिलं."

"असं लिहून द्या. तेही लावतो."

तिथेच बसून हाताने लिहून दिलं, ‘असल्यास’ न घालता. पहिला कागद काढून टाका म्हटलं. फाइलीतला कागद काढता येत नाही, म्हणाले. आणि काम? ते वर्षभरासाठी दुसऱ्याला दिलंय, जूनमध्ये बघू.

जूनमध्ये मी पुन्हा जाणार आहे. दादाला हे कळवलेलं नाही. त्याच्या खोलीवरून जाते तेव्हा तो मान वर करतो, ओळखीचं हसतो, आणि कामाला लागतो. सभेचा स्पीकर आता मी जोडते.