मनगटावर रेंगाळणारा हात

हृदयरोगाच्या वॉर्डात दुपारी येणारा उजेड मला फार ओळखीचा वाटायचा. पांढऱ्या पडद्यांतून गाळून आलेला, कुणावरच नीट न पडणारा. प्रयोगाआधी दिवे तपासताना रंगमंचावर असाच उजेड असतो. खाटा, सलाइनच्या बाटल्या, यंत्रावर सरकणारी हिरवी रेघ, सगळं त्यात किंचित तरंगत असायचं. आणि त्यातून ती यायची, पावलांचा आवाज न करता. पेशंट तिला समोर सिस्टर म्हणायचे आणि पाठीमागे हळूबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं.

मी तिथे रोज जायचे ती महाराजांसाठी. आमच्या नाटक कंपनीत राजाची भूमिका म्हटली की ती त्यांचीच, आणि मी वर्षानुवर्षं त्यांची राणी, अर्थात पडदा पडेपर्यंत. घरची राणी वेगळी. तिला मी वहिनी म्हणते. महाराजांचं हृदय दमलं होतं. ते रक्त नीट पुढे ढकलेना, की पाणी आधी पायांत उतरायचं आणि मग छातीत साचायचं. औषधांनी ते ओसरलं होतं, निदान तसं दिसत तरी होतं.

हळूबाईचं काम बघत बसावं असं होतं. पेशंटला हात लावण्याआधी ती तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. स्टेथोस्कोपच्या नळीची थंड चकती थोडा वेळ मुठीत धरायची. "कसं वाटतंय?" असं मी तिला कधी विचारताना ऐकलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "माझे वडील शेवटपर्यंत 'बरं आहे' म्हणत राहिले, मावशी. त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं." तिचे प्रश्न निराळे असत. जिना चढताना बोलणं कुठल्या पायरीवर थांबतं? चप्पल संध्याकाळी घट्ट होते का? उशा किती लागतात? बोलता बोलता नडगीवर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघायची. घरी तिचा नवरा वायरमन, सासू तोंडाने तिखट आणि एक लहान मुलगी. ती रोज विचारायची, "आई, आज कुणाकुणाचा हात धरलास?"

त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले होते, सगळं ठीक राहिलं तर संध्याकाळी घरी जा. वहिनी पिशवी भरत होत्या. महाराज दाढी करून, केस विंचरून खाटेवर ताठ बसले होते. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ परवा गेले. गादी गुंडाळलेली ती रिकामी खाट तशीच होती, आणि महाराज तिच्याकडे पाठ करून होते.

हळूबाई स्टूल ओढून बसली. "निघालात म्हणे महाराज."

"राज्य वाट बघतंय, बाई. तुमचं काय ते उरका."

"राज्य म्हणजे गळका नळ आणि मी," वहिनी म्हणाल्या.

हळूबाईने त्यांचं मनगट धरलं आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे लावली. महाराजांचा श्वास संथ होता, अगदी सिंहासनावरचा. मीही फसले. नाडी मोजून झाली असावी, पण तिचा हात मनगटावरच रेंगाळला आणि नजर घड्याळावरच राहिली.

आम्हा नटांची एक सवय असते. बघणाऱ्याची नजर जिथे असेल तिथे आम्ही असतो. ती नजर घड्याळाकडे गेलेली, नाडीचं काम चाललेलं, मग श्वासाकडे कोण बघतंय? महाराज सैलावले. आणि मला दिसलं, गळ्याखालचा खळगा भराभर आत ओढला जात होता. हळूबाई डोळ्यांच्या कोपऱ्यातून तेच मोजत होती.

"जरा सपाट पडा बघू," ती म्हणाली आणि खाटेची उशाकडची बाजू खाली केली.

महाराज पडले आणि पडल्या पडल्या भारदस्त आवाजात बोलायला लागले, "सिस्टर, तुमच्या या राज्यात आमची..." पुढे हवाच पुरली नाही. मानेवरची शीर फुगून वर आली. तिने पटकन त्यांना बसतं केलं.

"रात्री झोपलात?"

"राजासारखा."

"खुर्चीत बसून होते म्हणे," वहिनी म्हणाल्या. "मला म्हणाले, खिडकीतून झाडं बघत होतो. अंधारात कसली झाडं?"

हळूबाई हळूच म्हणाली, "महाराज, मी प्रेक्षकांत बसलेली नाही. तुमच्या बाजूला बसलेय."

महाराजांनी मान वळवून त्या रिकाम्या खाटेकडे बघितलं. मग महाराज बोलले, तो आवाज इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता. बारीक, कसलंही वजन नसलेला. "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. पण मला इथे मरायचं नाही. त्या खाटेवरच्यांसारखं."

"म्हणून तर आज सोडत नाही. घरी छाती भरली तर वहिनी काय करतील, टाळ्या वाजवतील?"

महाराज हसले, आणि हसताना खोकले.

डॉक्टर आले. पाठीला नळी लावून ऐकत राहिले. "सकाळी नव्हतं हे. पाणी परत चढतंय. बरं झालं लगेच बोलावलंत," ते तिला म्हणाले. नाकाला ऑक्सिजन लागला, शिरेतून इंजेक्शन गेलं. वहिनींनी पिशवीतले कपडे एकेक करून पुन्हा कपाटात ठेवले. तोंडाने पुटपुटत होत्या.

मग हळूबाईने वॉर्डबॉयला हाक मारली, आणि दोघांनी मिळून महाराजांची खाट, यंत्रासकट, पलीकडच्या खिडकीपाशी ढकलत नेली. चाकं कुरकुरत होती. राजाची स्वारी निघाल्यासारखे बाकीचे पेशंट माना वळवून बघत होते. तिथून ती रिकामी खाट दिसत नव्हती.

पुढच्या आठवड्यात महाराज घरी गेले, स्वतःच्या पायांनी. पण मला आठवते ती संध्याकाळच. इंजेक्शनने पाणी उतरायला लागलं होतं, खिडकीत उजेड विरत होता. हळूबाईची ड्युटी संपली होती तरी ती स्टुलावर होती. महाराज तिला पहिल्या प्रयोगाची गोष्ट सांगत होते, खऱ्या आवाजात, थांबत थांबत. "पडदा वर गेला आणि मला समोर..."

वाक्य तिथेच राहिलं. ते झोपले होते. तिने छातीकडे बघितलं, ती सावकाश वर येत होती, सावकाश खाली जात होती. या वेळी ती उघडपणे बघत होती.