मी खोडलेल्या तीन ओळी

मी शिकलो चौथीपर्यंत, पण फौजेत हवालदार झालो तो कुणाच्या चिठ्ठीवर नाही. त्यामुळे नातीचे मराठी निबंध मीच तपासणार, असं मी नोएडाच्या घरात सांगूनच टाकलं. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. मला आडवं येणार कोण?

विषय होता ‘माझे आजोबा’. दिल्लीत आर. के. पुरमला एका बाईंच्या सरकारी क्वार्टरमध्ये रविवारी मराठीचा वर्ग भरतो, तिथे तो द्यायचा होता. बराकीत जवानांचं किट तपासायचो, तसाच मी निबंध तपासला. घडीबाहेर काही दिसलं की बाहेर काढायचं. पोरीनं लिहिलं होतं, “आजोबांना इंग्रजी येत नाही. कुणी कागद पुढे केला की ते म्हणतात, चष्मा घरी राहिला. चष्मा त्यांच्या खिशात असतो.”

त्या ओळींवर लाल पेन्सिल अशी ओढली की कागद फाटला. म्हटलं, लिही, माझे आजोबा शूर आणि शिस्तप्रिय आहेत. तिनं पुढच्या पानावर मुकाट्यानं उतरवून काढलं.

रविवारी मी मागच्या खुर्चीवर छाती काढून बसलो. बाईंनी निबंध वाचला.

“अक्षर छान आहे गं. पण शूर म्हणजे काय करतात आजोबा? मला ते दिसतच नाहीत. मागच्या वेळी तुझा दूधवालासुद्धा दिसला होता. हे तूच लिहिलंस ना?”

पोरीनं वळून माझ्याकडे पाहिलं. आता माझं नाव घेणार, असं वाटलं. नाही घेतलं.

“मला नाही येत लिहायला, मॅम. मी आता क्लासला पण नाही येणार. बिल्कुल नाही.” ती वही दप्तरात कोंबायला लागली.

आपली चूक हाताखालच्या माणसावर ढकलणारे साहेब मी पाहिलेत. त्यांना आम्ही मागून काय म्हणायचो, ते इथे लिहीत नाही.

उठलो. “बाई, ते वाक्य माझं आहे. तिचं मी खोडलं.”

“का हो, काका?”

“बरोबर नव्हतं.”

“खोटं होतं का, आजोबा?” नातीनं विचारलं. आवाज चढलेला.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

“खोटं नव्हतं,” मी म्हणालो. “काढ ते पान. वाच. मोठ्यानं वाच.”

तिनं फाटकं पान उघडून वाचलं. खिशातल्या चष्म्याच्या ओळीला पोरं खो-खो हसली. माझा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला, तशी आणखी हसली.

बाई मात्र तिच्याकडेच बघत होत्या. “मग तो कागद वाचतं कोण?”

“मी. त्यांच्या कानात. हळू, म्हणजे कुणाला कळत नाही.”

“अगं, मग हे कुठंय यात? लिही की!”

पेन उघडून तिनं परत माझ्याकडे पाहिलं. मान हलवून हो म्हणणं काही मला जमलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. कागदावर तिचं पेन चाललेलं ऐकू येत होतं.