डिक्कीतली पेटी

त्या खंडेनवमीला आंगनात आमी पाच जन व्हतो. मी, माजा ल्योक, सून, नऊ वर्साची नात आन शेळ्या सोडायच्या आदी चहाला आलेला माजा धाकला दीर. भाईरचं कुनी नव्हतं, म्हनून दोष बी भाईर जात न्हाई.

ल्योक पाटोद्याला दुकानात पान्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देतो. आमची जुनी पेट्रोलची गाडी त्येनं घरीच लिंबाखाली उघडली. मागच्या चाकांना करंटवरची मोटार बसवली. मोडीत निघालेल्या इलेक्ट्रिक रिक्षांचे सेल जोडून पत्र्याच्या पेटीत घातले आन पेटी डिक्कीत, मागच्या सीटला टेकून. घरच्या प्लगावर चार्ज करायची. सपाटीला करंट, चढ लागला की पेट्रोल.

दीर म्हनला, "बे, हिला दोन तोंडं केली. कोनतं चावंल?"

"काका, तुमच्या शेळ्यांपरीस कमी खाती."

सून हसली. मी बी हसले.

विळा, कुऱ्हाड, ल्योकाचे नट खोलायचे पाने पूजेला मांडले. बॉनेटला कुकू लावलं. ल्योक म्हनला, "आई, पेटीला हात लावायचा न्हाई. पानी तर लांबच ठिव."

"कावून?"

"नडंल."

एवढं म्हनून त्यो हातपाय धुवायला गेला. दीर शेळ्या घेऊन गेला. आमच्यात नवं औत कोरडं ठिवत न्हाईत. हिरीवर मोटार बसली तवा तिच्यावर नारळ फोडलता, लई वर्सं चालली. इंजनाला पूजा आन जिला टेकून लेकरू बसनार ती पेटी कोरडी, हे मला सोसंना.

झाकनाचे चार नट हातानंच फिरले. हळदकुकू टाकलं, नारळाचं पानी वतलं. सेलांच्या फटीत गेलं आन दिसंना झालं. वरचं पदरानं पुसलं, झाकन लावलं.

नात मागं हुबी. "आज्जी, पप्पा नको म्हनले व्हते."

"देवाचं हाय. कुनाला सांगितलंस तर बघ."

ती गप बसली. लेकरू ऐकनारं हाय.

तिसऱ्या दिशी गाडीत सडक्या फळावानी गोडसर वास यायला लागला. सून म्हनली, "डब्यात केळी राहिली का गं?" नात माज्याकडं बघत राहिली. चौथ्या दिशी शाळंतून आली आन माज्या कानात म्हनली, "आज्जी, सीट पाठीला गरम लागती."

मी म्हनलं, उन्हाचं आसंल. आभाळ आलतं त्या दिशी.

पाचव्या सकाळी ल्योक तिला शाळंला घेऊन निघाला. पुढच्या सीटवर गिऱ्हाइकाची भरलेली मोटार, म्हनून पोर मागं. मी दारात हुबी व्हते. सांगावं, सांगावं म्हनूस्तवर गाडी वळली. वड्याच्या पुलाजवळ फट्ट झालं, मग पांढरा धूर. घरून दिसला. सून पळाली.

ल्योकानं दार ओढून पोर भाईर काढली. जीव राहिला. सीटखालून आलेल्या जाळानं डावी पोटरी भाजली, आजून पाय नीट टेकत न्हाई. गाडीचा सांगाडा झाला.

दिवाळी झाली तरी त्यो जळकी पेटी पुढं घेऊन बसायचा. एकेक तार उलगडून बघायचा. म्हनायचा, "माजाच जोड ढिला राहिला. माज्या हातानं पोर भाजली." दुकान बंद केलतं. म्हनला, आता कुनाच्या मोटारीला हात लावनार न्हाई. नात आतून ऐकायची. तरी गपच. मी घातलेली भीती तिनं सोडली न्हाई.

मग एका दुपारी तिच्यासमोरच त्येला सांगितलं. "पानी मी वतलं."

त्येनं वर बघितलं न्हाई. "किती?"

"आर्ध्या नारळाचं."

त्यो उठला, पेटी उचलून गोठ्यामागं टाकून आला. दुसऱ्या दिशी दुकान उघडलं. माज्याशी कामापुरतं बोलतो. पोरगी मातर माज्याजवळ निजती आता.

वाचनाऱ्याला एवढंच मागनं हाय. आशी पेटी घरात आसंल तर हळदकुकू लांबून वाहा. चुकून पानी गेलंच, तर गाडीत कुनी बसायच्या आदी सांगा. आन सांगनाऱ्या लेकराला गप बसवू नका.