बक्षीस समारंभात भंडारा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी म्हसवडजवळच्या एका वाडीत प्राथमिक शिक्षक होतो आणि सिनेमाचा नाद असा, की तंबूत लागलेला एकही हिंदी सिनेमा सोडायचो नाही. एके दिवशी वाडीच्या गजी मंडळाला, म्हणजे ढोलावर नाचणाऱ्या धनगर मंडळींना, मुंबईहून पत्र आलं. हिंदी सिनेमाच्या वार्षिक बक्षीस समारंभात दहा मिनिटं नाचायला या! पत्र हिंदीत, म्हणून वाचायला मी. शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि होकारही मीच लिहून धाडला.

पत्राच्या शेवटी एक अट होती: रंगमंचावर काहीही उधळायचं नाही. ती मी मोठ्यानं वाचलीच नाही. गजी नाचात ढोलावर पहिली टिपरी पडायच्या आधी बिरोबाच्या नावानं भंडारा, म्हणजे हळद, उधळतात. अट कळली असती तर मंडळी निघालीच नसती, आणि माझे नट-नट्या बघायचे राहिले असते. म्हटलं, तिथं गेल्यावर बघू.

म्हसवडहून सकाळची एसटी धरली. आम्ही बारा जण आणि तीन ढोल. मंडळाचे म्होरके बिरुमामा साठीचे होते. ढोल टपावर चढवायला ते काही केल्या तयार होईनात, कारण सांगलीकडून नुकतेच मढवून आणले होते.

"मग ढोलाचं तिकीट पडंल," कंडक्टर म्हणाला.

"पडू द्या की. खिडकीकडंची जागा तेवढी द्या त्याला, वारं लागंल."

कंडक्टरला हसू आवरेना. ढोल फुकटात गेले.

या वाटेनं जायचं असेल तर दोन गोष्टी सांगतो. दहिवडीच्या धुळीच्या रस्त्याला पांढरं काही घालू नका. मी समारंभासाठी शिवलेला शर्ट पिशवीतच ठेवला होता. आणि साताऱ्यात गाडी बदलल्यावर लगेच जेवू नका, खंबाटकी घाटात पोट ढवळून निघतं. आम्ही घाट उतरून शिरवळला भाकरी-खरडा सोडला. नुसता चहा घेतला तरी हॉटेलवाल्यानं बाकडी दिली, वर तांब्याभर ताकही. मंडळी खुशीत होती. मी मात्र ती अट मनात घोळवत बसलो होतो.

मुंबईच्या सभागृहात अत्तराचा घमघमाट. पडद्याच्या फटीतून मी पहिली रांग न्याहाळत होतो, तेवढ्यात मामांनी कमरेची पिशवी सोडली. व्यवस्थापक धावत आला.

"स्टेज पर कुछ नहीं गिरेगा! चिट्ठी में लिखा था!"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना बाजूला नेलं. "मामा, पत्रात होतं. मीच सांगितलं नाही. मला नट बघायचे होते."

मामा म्हणाले, "आवं गुरुजी, सरळ बोलला असता तर वाडीतच वाट काढली असती की." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते मंडळींकडं वळले. "गड्यांनो, वर उधळायचा न्हाई, असा ह्यांचा नेम हाय. हितंच उधळा."

आणि पडद्यामागंच भंडारा उडाला. माणसं पिवळी, ढोल पिवळे, माझा नवा शर्टही पिवळा. मग मंडळी मंचावर गेली. पहिली टिपरी पडली आणि ढोलावरचा भंडारा आपोआप दिव्यांच्या झोतात उठला. कुणी काही उधळलंच नव्हतं! लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले. व्यवस्थापकानं आधी डोकं धरलं, मग टाळ्यांत सामील झाला.

नंतर त्यानं माझ्या हातात झाडू दिला. बक्षिसं सुरू झाली तेव्हा मी पडद्यामागची हळद झाडत होतो. नावं ऐकली, टाळ्या ऐकल्या, बक्षीस एकही दिसलं नाही. एक नटी अगदी जवळून गेली, पण मी वाकलेलो. तिच्या चपला तेवढ्या दिसल्या.

वाडीत परतलो तर बिरोबाच्या देवळापुढं सगळा गाव. कुणीतरी विचारलं, "मामा, मुंबईत भंडारा उधळला का न्हाई?"

"व्हय तर! लय अडचण आली हुती. गुरुजी हुते म्हणून निभावलं."

सगळे माझ्याकडं कौतुकानं बघू लागले. मामांनी झाकून घेतलं होतं, पण माझ्याच्यानं राहवेना. उठलो आणि म्हणालो, "अडचण मीच होतो." अटीपासून झाडूपर्यंत सगळं सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले.

तो शर्ट पुन्हा पांढरा झाला नाही. मी तो वर्षानुवर्षं शाळेत घातला. मामांनी त्या दिवशी माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाले, "आता कसं! समदं पत्र वाचलंत, गुरुजी."