सोमवारची दाढी

न्हाव्याच्या खुर्चीत मला जशी झोप लागते, तशी घरच्या गादीवर कधी लागली नाही. मान मागे टेकली, कोमट पाण्यातला ब्रश गालावर गोल गोल फिरायला लागला, की मी गेलोच. सोलापुरात उन्हाळ्यात माणूस तसाही अर्धा झोपेतच असतो. त्यात तो साबणाचा वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटणारा कात्रीचा आवाज. स्वप्नं पडतात ती बहुतेक पाण्याची. कालवा, पाटात सोडलेले पाय, पाण्यावरून सावकाश जाणारा फेस. हनुवटीखाली गार तुरटी फिरली की जाग येते.

या झोपेवरच माझं पोट चालतं म्हणा. न्हाव्यांना लागणारं सामान विकायचं माझं दुकान आहे. ब्लेड, वस्तरे, ब्रश, साबणाच्या वड्या, तुरटी, गळ्यात बांधायची कापडं. माळशिरसकडच्या गावातून आलो तेव्हा मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होतो. न्हाव्यांना टॉवेल विकता विकता बाकीचं सामान ठेवायला लागलो आणि टॉवेल मागं पडले. सोमवारी सलूनना सुट्टी असते, म्हणून गावोगावचे न्हावी त्याच दिवशी खरेदीला येतात. अक्कलकोटचे येतात, दुधनीचे येतात, कानडीत घासाघीस करतात आणि मराठीत चहा मागतात. आमचा खरा धंदा सोमवारचा. घरात लग्न असलं तरी आम्ही सोमवारी शटर खाली ओढत नाही.

ब्रश-साबणाच्या दाढीचा बाजार मात्र बघता बघता आटला. हल्ली सगळ्या पोरांना दाढ्या. गुळगुळीत गालाचा मुलगा बघायला गेला तर मुलीकडचे विचारतील, आजारी होता का? दाढी कुणी करत नाही, ‘सेट’ करतात. कोरड्या गालावर मशीन फिरवायचं, कडा कोरायच्या, झालं. बिनपाण्यानं हजामत करणं म्हणजे पूर्वी माणसाची फजिती करणं होतं, आता त्यालाच सर्व्हिस म्हणतात. साबणाच्या वड्या मागवल्या की एजंट म्हणतो, “मालक, ती बंद झाली, फोम घ्या.” फोमचा डबा दाबला की फुस्स करून ओंजळभर फेस येतो आणि गालावर जाईपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. त्या फेसाखाली कुणाला स्वप्न पडत असेल असं मला वाटत नाही.

मधूनच पुण्याहून एखाद्या इंजिनियर पोराचा फोन येतो. “काका, जुना पितळी रेझर आहे का? फोटो पाठवा ना.” जे रेझर मी भंगारात घालायला काढले होते, ते आता काचेच्या कपाटात मखमलीवर मांडलेत. पोरगं तो रेझर हौसेनं घेतं, त्याचा व्हिडिओ करतं, आणि व्हिडिओत बघावं तर स्वतः छातीपर्यंत दाढी राखलेली! हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौशी लोकांवर बाजार उभा राहत नाही. माझ्याकडच्या साबणाच्या वड्या नियमानं नेणारा एकच माणूस उरलाय, आणि मी झोपतो ती खुर्ची त्याचीच.

विजापूर वेशीत त्यांचं दुकान आहे. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला मालक म्हणतात. सोलापुरात सगळेच सगळ्यांना मालक म्हणतात, त्यामुळे हुरळून जायचं कारण नाही. चाचा पितळी वाटीत ब्रश फिरवतात तेव्हा बोलत नाहीत, आणि गिऱ्हाइकानं बोललेलंही त्यांना खपत नाही. “सो जाव मालक, मै हूं,” एवढंच म्हणतात. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली झोपलो, पण माझ्या मिशीला त्यांनी कात्रीशिवाय काही लावलं नव्हतं.

कारण आमच्याकडं मिशी उतरते ती आई नाहीतर बाप गेल्यावर. मधल्या काळात तिला ताव द्यावा, तूप लावावं, हवं तर रंग लावावा, पण काढायची नाही. मोकळ्या ओठाचा गावाकडचा माणूस रस्त्यात दिसला, की लोक आवाज खाली आणून विचारतात, कोण गेलं? माझे आईवडील दोघं गावी होते. ओठावर लव आली तेव्हापासून तिला पात्यानं शिवलेलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी संध्याकाळी आईचा फोन आला. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. दवाखान्यातून घरी आणलं होतं, तोवर मला कुणी कळवलं नव्हतं. “उजवा हात उचलंना त्येंचा,” आई म्हणाली. “दाढी लई वाढलीया. कुनालाच हात लावू देईनात. पोराला बोलवा, त्योच करंल म्हनत्यात.” आण्णांनी जन्मभर दारातल्या लिंबाला आरसा टांगून स्वतःची दाढी स्वतः केली. दुसऱ्याच्या हातात गळा द्यायचा नाही, असं ते हसत म्हणायचे. त्यांनी आपण होऊन मला दाढीला बोलवावं, याचा अर्थ मला एकच लागला. हा माणूस निघालाय, आणि मी पोचायच्या आत निघाला तर?

सकाळी दुकान उघडलं नाही. पिशवीत नवा ब्रश, पितळी रेझर आणि साबणाची वडी घातली. एसटी स्टँडवर निघालो तर माझीच दाढी हाताला टोचली. आण्णांना पोराची वाढलेली दाढी चालायची नाही. आजारी माणसापुढं असं जाऊ नये म्हणून विजापूर वेशीकडं वळलो. सुट्टी असूनही चाचा आत बसलेले असतात हे मला माहीत होतं. अर्ध्या शटरखालून वाकून आत गेलो. “चाचा, गावाला चाललोय,” मी म्हणालो. “आण्णा...” आणि पुढं गळाच दाटला. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, नुसती मान हलवली आणि खुर्ची पुसली.

रात्रभर डोळा लागला नव्हता. ब्रश गालाला लागला आणि मी बुडालो. कालव्याच्या भरावावरून आण्णा पुढं चालले होते, मी मागं. उसाचा वास येत होता. त्यांची पाठ दिसत होती, पण किती चाललो तरी अंतर कमी होईना. कुठून तरी हळू आवाजात कुणी काहीतरी विचारलं आणि मी झोपेतच हुंकार दिला. मग ओठावर गार वारं आलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! कालव्याच्या पाण्यावरून येतं तसं वारं.

डोळे उघडले तर आरशात एक परका माणूस. नाकाखाली पांढरीफटक पट्टी.

“चाचा! हे काय केलंत?”

“क्या किया?” चाचांचे डोळे ओले होते. “अब्बा गुजर गए ना तुमारे?”

“आण्णा जिवंत आहेत!”

चाचा बाकावर बसलेच. हातातला वस्तरा मिटायचंही त्यांना सुचेना. “सोमवार को दुकान बंद करको आए तुम,” ते म्हणाले. “आंखां लाल. अब्बा का नाम लिए और रोने लगे. मै क्या समझता? फिर बी पूछा मै. तुम हौ बोले.”

माझा पारा जो चढला! मी काय काय बोललो ते आता आठवायला नको. अर्धं झोपेत आणि अर्धं भीतीनं बोललो. पण पायऱ्या उतरता उतरताच राग ओसरला. एखादा न्हावी सोमवार सोडून भलत्याच दिवशी दुकान बंद करून आला असता, आणि बापाचं नाव काढून त्याचा गळा दाटला असता, तर मी तरी काय केलं असतं? कधी गेले, असं विचारलं नसतं. गप्प राहून हवं ते सामान बांधून दिलं असतं. अशा वेळी विचारायचं नाही, एवढी रीत आम्हा दोघांनाही होती, आणि या रीतीनंच घात केला. चाचा शटरपाशी कान धरून उभे होते. “अल्ला उनकू लंबी उमर दे,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

एसटीत चढलो तर लोकांनी खिडकीची जागा रिकामी करून दिली. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “कोन गेलं पाव्हनं?”

“कुणी नाही.”

त्याला वाटलं, मला बोलवत नाही. त्यानं स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली. मी पाणी प्यालो. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. बाहेर उन्हात शेतं तरंगल्यासारखी दिसत होती, आणि त्या धावत्या उजेडात मला खरंच वाटायला लागलं की आण्णा गेलेत, हे लोक मला सांभाळून नेतायत, घरी फक्त मलाच कळायचं राहिलंय. मधेच डुलकी लागायची, मधेच ओठावर वारं लागून जाग यायची. खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला. मला भीती एवढीच होती, की आण्णा शुद्धीत असतील आणि मला बघतील. जिवंत माणसाच्या पुढं त्याच्या मरणाचं तोंड घेऊन कसं जायचं? नुसत्या धक्क्यानं काही झालं तर? पंढरपूर मागं पडलं, वेळापूर गेलं. परत फिरावं असंही वाटून गेलं.

दारात आई उभी होती. मी टॉवेल बाजूला केला. तिचा हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्राकडं गेला.

“आरं, ह्ये काय करून आलास?” ती कुजबुजली. “त्ये आत बसल्यात की.”

मी भराभर सांगितलं. ऐकता ऐकता तिला रडू आलं आणि मधेच हसूही आलं. “तसाच जाऊ नगंस,” ती म्हणाली. “फडकं बांद तोंडाला.” मी बांधत होतो तेवढ्यात आतून आण्णांची हाक आली. शब्द जिभेवर अडखळत होते, पण हाक ओळखीचीच.

“कोन आलंय? हिकडं ये. फडकं काड.”

खिडकीपाशी त्यांना लोडाला टेकवून बसवलं होतं. गालावर पांढरी दाढी वाढलेली. माणूस निम्मा झाला होता, डोळे मात्र तसेच. मी फडकं काढलं आणि मान खाली घातली. आई दाराआडून एका दमात सांगायला लागली, चाचा, सोमवार, झोप. आण्णा तिचं ऐकत होते की नाही, कुणास ठाऊक. ते माझ्याकडं बघत होते.

“जवळ बस.”

बसलो. त्यांनी डावा हात उचलला आणि अंगठा माझ्या ओठावरून फिरवला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. शाळेत जाताना तोंडाला लागलेलं दूध पुसायचे, तसा.

“बारावीला असताना असाच व्हतास,” ते म्हणाले. “मिशीखाली तू तसाच हायस की.”

मी त्यांचा तो हात दोन्ही हातांत धरला.

“बाप मेल्यावर पोरगं कसं दिसतंय, कुनाला बगाया मिळत न्हाय,” आण्णा हळूहळू म्हणाले. एकेक शब्द त्यांना ओढून आणावा लागत होता, पण चेहऱ्यावर मिस्कील हसू होतं. “मला मिळालं. ब्येस दिसतंस.”

मग दम घेऊन म्हणाले, “आता मी गेल्यावर परत काडू नगंस. झाली म्हनायचं.”

मी रडलो. लाजलो नाही. आईनं गरम पाणी आणून ठेवलं. मी वाटीत ब्रश फिरवला, आण्णांच्या गालावर फेस चढवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गळा दुसऱ्याच्या हातात दिला. पितळी रेझर मी इतका सावकाश चालवला, की दाढी व्हायला अर्धी दुपार गेली. त्यांची मिशी मी नुसती कात्रीनं नीट केली. सोलापुरात परतल्यावर चाचांना सगळं सांगितलं, तेव्हा ते एकदम उठून आत निघून गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

आण्णा त्यानंतर पावसाळा जगले, थंडी जगले. मी दर पंधरवड्याला दाढीला जायचो. माझी मिशी परत आली, आधीपेक्षा जरा जास्तच पांढरी. होळी झाल्यावर ते गेले, दुपारी जेवून पडल्या पडल्या.

दहाव्याला चुलते होते, भावकी होती. तालुक्याहून न्हावी आणला होता. सगळ्यांत आधी मला पुढं बसवलं. डोकं झालं. मग त्यानं मिशीला पाणी लावलं आणि वस्तरा टेकवला, तसं मी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे. झालीय.”

न्हावी माझ्या मिशीकडं बघत राहिला. चुलते पुढं आले. “झालीया? कवा?”

“आण्णांच्या डोळ्यांदेखत,” मी म्हणालो.