बहिणीने नेलेली तीन पुस्तकं

त्या दिवशी सोमवार होता. माझी बहीण साडेसातला कंपनीच्या बससाठी घरातून निघाली. ती बसमध्ये चढली नाही. साडेअकराला पोलीस चौकीतून फोन आला. तिने जीव दिला होता. मी चप्पल घातली, दाराला कुलूप लावलं आणि रिक्षा केली.

एवढं लिहायला मला काही वर्षं लागली. पुढचं लिहायला त्याहून जड जातं आहे, कारण पुढच्यात मी आहे.

आई-वडिलांच्या मागे आम्ही दोघीच होतो. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मराठीत एम.ए. केलं, मग ग्रंथालयशास्त्र केलं आणि मंडईजवळच्या बोळातल्या एका वाचनालयात लागले. ती इंजिनियर झाली आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. लग्न मी केलं नाही, तिचं जमत नव्हतं. कर्वेनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट होता, तिथे आम्ही राहायचो.

मी वाचनालयात रुजू झाले त्या दिवशी तिथल्या जुन्या ग्रंथपालांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "बाई, इथे तीन गोष्टी सांभाळायच्या. वाळवी, गळणारं छप्पर आणि तोंड. कोणी काय वाचायला नेलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. ज्याने नेलं त्याच्यापाशीही विषय काढायचा नाही. शिक्का मारायचा आणि तारीख सांगायची."

मला हा नियम आवडला. माझ्या स्वभावाला तो सोयीचा होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

सुरुवातीची काही वर्षं लोक कादंबऱ्या न्यायचे, रहस्यकथा न्यायचे, दिवाळी अंकांसाठी नंबर लावायचे. मग शहरात कंपन्यांच्या बसगाड्या दिसू लागल्या, घराघरातलं कोणी ना कोणी त्यांत बसून जाऊ लागलं, आणि आमच्याकडे मनाच्या पुस्तकांची मागणी सुरू झाली. चिंता कशी कमी करावी, झोप कशी लागेल, राग कसा आवरावा, नैराश्य कसं ओळखावं. बहुतेक अनुवाद, मुखपृष्ठावर उगवता सूर्य. आधी एक खण होता, पाहता पाहता पूर्ण कपाट झालं. कपाट खांबाच्या मागे ठेवावं, असं सभासदांनीच सुचवलं. कित्येकजण आम्हाला पुस्तकाला खाकी कव्हर घालून मागायचे, वर फक्त नंबर.

स्वतःसाठी कोणीच नेत नसे. कोणी सुनेसाठी नेई, कोणी शेजाऱ्यासाठी. "मुलाला सवड नसते हो, म्हटलं आपण वाचून त्याला थोडक्यात सांगावं," असं एक गृहस्थ दर महिन्याला सांगायचे. दुसरे एक निवृत्त गृहस्थ रागावरचं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा नेत. एकदा त्यांची बायको आली.

"काय हो, त्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलंय का? गुण काही येत नाही म्हणून विचारते."

"कोणतं पुस्तक?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. "पक्क्या आहात बाई."

मला ते प्रशस्तिपत्र वाटलं. घरी येऊन बहिणीला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "ताई, तुला आमच्या सिक्युरिटीत घ्यायला हवं."

त्या वर्षी तिच्या कंपनीत माणसं कमी करत होते. तिनेच सांगितलं होतं, पोळी मोडता मोडता, सहज. "शुक्रवारी चारनंतर मीटिंगचं बोलावणं आलं की समजायचं. एचआरवाली फार गोड बोलते. कार्ड तिथेच काढून घेतात. डेस्कवर परत जाऊ देत नाहीत, बॅग सिक्युरिटीवाला आणून देतो." तिच्या टीममध्ये अकराजण होते, ते सातजण राहिले. काम अकरांचंच होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी लिफ्टच्या आवाजाकडे कान लावून बसायचे. ती आत आली की आधी गळ्यात कार्ड आहे का ते बघायचे. कार्ड असायचं. मला तेवढ्याने हायसं वाटायचं.

एका शनिवारी ती वाचनालयाचा जिना चढून वर आली. शाळा सुटल्यापासून तिने मराठी पुस्तक हातात धरलं नव्हतं. कॉलेजात असताना मी तिला सभासद करून घेतलं होतं, ते कार्ड तिने कुठून तरी शोधून आणलं होतं. काउंटरवर दोन पुस्तकं ठेवली. वर प्रवासवर्णन, खाली झोपेवरचं.

"ग्रंथपाल बाई, एका कार्डावर दोन चालतात ना?"

"चालतात."

मी शिक्के मारले. ती पुस्तकं उचलेना.

"काही म्हणायचंय?" तिने मला विचारलं.

"पंधरा दिवसांत परत."

"येस मॅडम," ती म्हणाली आणि गेली.

ते पुस्तक ती घरी जेवणाच्या टेबलावर ठेवायची. आतल्या खोलीत तिचं स्वतःचं टेबल होतं, तरी इथेच. ताटं मांडताना मी ते उचलून फ्रिजवर ठेवायचे, पालथं. नाव दिसू नये, तिला अवघडल्यासारखं होऊ नये, असा माझा विचार होता.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी चिंतेवरचं पुस्तक होतं, आणि वर झाकायला दुसरं काही आणलं नव्हतं. मी तारीख सांगितली. तिच्या मागे दोघेजण उभे होते. त्यांना वाट द्यायला ती बाजूला झाली, पण लगेच जिना उतरली नाही. कपाटांमधून एक फेरी मारली. परत काउंटरपाशी आली. मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले होते.

त्या दिवसांत ती चहा अर्धा ठेवायची. मैत्रिणींचे फोन उचलायची नाही. दिवाळीत हौसेने घेतलेली साडी तिने कामवाल्या मावशींना देऊन टाकली. मावशी मला म्हणाल्या, "ताई, एवढी भारी साडी? घडीसुद्धा मोडलेली नाही हो. घेऊ ना?" मी म्हटलं, "तिने दिली असेल तर घ्या." हे सगळं मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

तिसरं पुस्तक नैराश्यावरचं होतं. ते पुढे करताना तिने पुस्तकावरचा हात काढला नाही. शिक्का मारायला मला पुस्तक तिच्या हाताखालून ओढून घ्यावं लागलं.

"तारीख?" तिने विचारलं.

मी तारीख सांगितली.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा पुस्तक टेबलावर होतं. मी ते उघडलं. एका प्रकरणात लक्षणं दिली होती. आवडीच्या वस्तू देऊन टाकणं त्यात होतं. पुढे लिहिलं होतं, की अशा वेळी जवळच्या माणसाने थेट विचारावं, मरणाचे विचार येतात का, असं त्याच शब्दांत विचारावं. विचारल्याने कोणी त्या वाटेला लागत नाही, उलट बोलायला जागा मिळते. मग एकटं सोडू नये, डॉक्टरांकडे घेऊन जावं. मी ते पान दोनदा वाचलं. आतला नळ बंद झाला. ती बाहेर आली की विचारायचं, असं मी ठरवलं. शब्दही जुळवले.

ती केस पुसत बाहेर आली. तिने आधी टेबलावरच्या पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा हात अजून पुस्तकावर होता. वाचकाने नेलेलं पुस्तक मी त्याच्या पाठीमागे उघडून पाहिलं होतं आणि पकडली गेले होते, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात आलं. मी हात काढून घेतला.

"भात टाकू की पोळ्या?" मी म्हटलं.

तिने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"काहीही चालेल, ताई."

मी भात टाकला. आम्ही जेवलो. सकाळी ती साडेसातला निघाली.

तेराव्यानंतर तिच्या ऑफिसातली एक मुलगी खोकं घेऊन घरी आली. त्यात डेस्कवरचं सामान होतं. कॉफीचा मग, शाल, चार्जर आणि तीन इंग्रजी पुस्तकं. मी नावं वाचली. आमच्या वाचनालयातून तिने नेलेली मनाची तीन पुस्तकं याच तिन्हींचे अनुवाद होते. कडा मऊ पडल्या होत्या, पानोपानी पेन्सिलच्या खुणा होत्या.

"ही तिने कधी घेतली?" मी विचारलं.

"मागच्या वर्षीच. आम्हालाही द्यायची ना वाचायला. कुणाचं टेन्शन दिसलं की घरी घेऊन जा म्हणायची." तिने खोक्यातल्या पुस्तकांकडे बोट केलं. "ती तुमच्याकडून मराठीतली आणायची ना? आम्ही हसायचो तिला. म्हटलं, वाचलेलंच काय परत वाचतेस. तर म्हणाली, वाचायला नाही नेत."

मी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर बराच वेळ खोक्यापाशी बसून राहिले. आमच्या घरात कोणी मोठ्याने काही मागत नसे. मला काही सांगायचं तर पुस्तकातून सांगावं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तिने मला तीनदा सांगितलं. तीनही वेळा मी त्यावर शिक्का मारला.

महिन्याभराने मी कामावर गेले आणि कपाट खांबामागून काढून काउंटरसमोर आणवलं. खाकी कव्हरं बंद केली. कोणी त्यातलं पुस्तक आणलं की मी विचारते, "स्वतःसाठी नेताय का? कसे आहात?" पहिल्याच आठवड्यात तक्रार झाली. कार्यवाह म्हणाले, "बाई, हे वाचनालय आहे, दवाखाना नाही." मी म्हटलं, "हो." आणि विचारत राहिले. काही सभासदांनी नाव काढून घेतलं. त्यांना माझा राग येणं मला समजतं. जे उरले त्यांतले बहुतेक म्हणतात, "छे, सहज." मी लगेच तारीख सांगत नाही, थोडी थांबते. एकदा एक शिक्षिका "हो, माझ्यासाठीच" म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. मी रजिस्टर मिटलं आणि शेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले.

त्या डॉक्टरांना मी नंतर माझं विचारलं. मी बोलले असते तर ती राहिली असती का? ते म्हणाले, हे कोणालाच सांगता येणार नाही.

बहीण नाही. तिची तीन पुस्तकं माझ्याकडे आहेत. त्यांतलं एक वाचून झालं, दुसरं वाचते आहे.